शंखातलं बिऱ्हाड

जंत म्हटलं की आपल्याला आधी आठवते ती जंताची गोळी. फेब्रुवारीच्या १० तारखेला अंगणवाडीत, शाळेत पोरांना रांगेत बसवून चघळायला देतात ती. ‘गोड खाऊ नकोस, जंत होतील,’ हे वाक्य आपण प्रत्येकीने लहानपणी ऐकलंय आणि पुढे आपल्या पोरांनाही ऐकवलंय. (गोडाने जंत होत नाहीत, मळलेल्या हातांनी खाल्ल्याने होतात, हे वेगळं!) थोडक्यात काय, जंत म्हणजे घाण, जंत म्हणजे आजार, जंत म्हणजे पाडून टाकायची गोष्ट, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

पण जंतांचं एक मोठं गोत असं आहे, ज्याचा आपल्या पोटाशी सहसा संबंधच येत नाही. ते राहतं समुद्रकाठच्या चिखलात, शंख-शिंपल्यांच्या आणि खेकड्यांच्या अंगात. पानासारखे चपटे म्हणून त्यांना पर्णकृमी म्हणतात. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या मैत्रिणींना यांचे भाऊबंद माहीत असतील. डबक्याकाठचं गवत खाल्लेल्या शेळीच्या गळ्याखाली सूज येते, ती खंगत जाते, आणि डॉक्टर सांगतात, ‘यकृतात कृमी झालेत.’ तेच हे घराणं. शेळीपर्यंत पोचण्याआधी ते डबक्यातल्या गोगलगायीच्या अंगात राहून आलेले असतात. खाडीतले कृमी तसेच शंखात राहतात आणि तिथून पक्ष्याच्या पोटात जातात.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना आज विषयच सुचला नाही की काय! तसं नाही. आमच्या बचत गटात खाडीत तिसऱ्या, मुळे, कालवं काढणाऱ्या आठ-दहा जणी आहेत. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरायचं, वाकून वाकून टोपली भरायची, आणि भरतीच्या आत वर यायचं. पोरांच्या वह्या-पुस्तकांचा, सासूच्या औषधाचा खर्च त्या टोपलीतून निघतो. त्यातल्या एकीने मला विचारलं, “वैनी, मोबाइलवर कायबाय दाखवतात, शिंपल्यात किडे असतात म्हणून. गिऱ्हाईक विचारतं. काय सांगायचं?”

मी पडले आर्ट्सची. शाळा सुटल्यावर बेडकाशीही संबंध आला नव्हता. मग आमच्या गावातल्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या बाईंना गाठलं. त्यांनी चार निबंध दिले, दोन तास समोर बसवून समजावलं, आणि मी घरी आले ती डोकं गरगरतच. इतकी अजब कहाणी मी कुठल्या कादंबरीतही वाचली नव्हती.

ही कहाणी सगळ्यात बारकाईने अभ्यासली गेली ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. कॅलिफोर्नियात सांता बार्बरा शहराजवळ कार्पिंटेरिया नावाचं लहानसं गाव आहे. गावाला लागून खाऱ्या पाण्याची दलदल आहे, आपल्याकडे खाजण असतं तशी. भरतीला पाणी भरतं, ओहोटीला चिखल उघडा पडतो. तिथल्या विद्यापीठाने या दलदलीचा एक भाग अभ्यासासाठी राखून ठेवलाय. केविन लॅफर्टी, आर्मंड क्युरिस, रायन हेचिंगर या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं तिथला चिखल तुडवला.

त्या चिखलात शिंगासारखा निमुळता, बोटाच्या पेराएवढा एक शंख असतो. त्याला हॉर्न स्नेल म्हणतात. शेकड्यांनी, हजारांनी पसरलेला असतो. दिवसभर चिखलावरचं शेवाळ चरत फिरायचं, एवढंच त्याचं काम. पण हा शंख फोडून आत पाहिलं, तर कितीतरी शंखांत मालक नावालाच उरलेला असतो. घर चालवत असतो तो भाडेकरू!

ते होतं असं. पक्ष्याच्या आतड्यात मोठे झालेले कृमी अंडी घालतात. ती विष्ठेतून चिखलात पडतात. चरता चरता शंखाच्या पोटात ती जातात, किंवा काही जातींची अंडी फुटून त्यातली पिल्लं स्वतःच शंखाच्या अंगात शिरतात. आत गेल्यावर कृमी शंखाला मारत नाही. तो शंखाचा प्रजननाचा भाग खाऊन टाकतो, आणि त्या जागेत स्वतःच्या नकला काढायला लागतो. एकाचे शंभर, शंभराचे हजार. यापुढे शंख खातो, चालतो, जगतो, पण त्याला स्वतःची पिल्लं कधीच होत नाहीत. त्याने खाल्लेल्या प्रत्येक घासावर दुसऱ्याचीच पिलावळ पोसली जाते. आणि हे महिना-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं!

हे ऐकताना मी गप्पच झाले. बाहेरून बघावं तर घर शाबूत, दार उघडं, चूल पेटलेली. आत मात्र घर दुसऱ्याच कुणाचं. समाजकार्याच्या निमित्ताने अशी घरं मी पाहिली आहेत, तुम्हीही पाहिली असतील. एक फरक मात्र सांगायला हवा. शंखांच्या जगात नर असो की मादी, कृमी दोघांचीही सारखीच गत करतो. मूल होत नाही म्हणून एकटीच्याच पदरात दोष टाकायची पद्धत त्यांच्यात नाही!

कार्पिंटेरियाच्या त्या एका जातीच्या शंखात पर्णकृमींच्या सुमारे वीस जाती राहतात. म्हणजे एका घरासाठी वीस दावेदार. मग भांडणं आलीच. २०११ मध्ये हेचिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की यातल्या एका जातीत चक्क सैनिक असतात. मुंग्यांमध्ये, मधमाश्यांमध्ये कामाची वाटणी असते ना, तशी. काही कृमी आकाराने मोठे, ते फक्त पिल्लं काढतात. काही अगदी छोटे, चपळ, अंगाच्या मानाने तोंड मोठं. ते पिल्लं काढत नाहीत. शंखात दुसरा कृमी शिरला की त्याच्यावर तुटून पडतात. बोटाच्या पेराएवढ्या शंखात राणीवसाही आहे आणि पहारेकरीही!

शंखात तयार झालेली पिल्लं पुढे बाहेर पडतात. प्रत्येकाला एक इवलीशी शेपटी. पाणी ऊबदार झालं की ती हजारोंनी सुटतात. आयुष्य जेमतेम दिवसभराचं. तेवढ्यात पुढचं घर गाठायचं असतं. कुणी खेकड्यात शिरतं, कुणी शिंपल्यात, कुणी माशात. तिथे स्वतःभोवती कोष करून वाट बघत बसतं. कुणाची? तो खेकडा, तो शिंपला, तो मासा एखाद्या पक्ष्याने खाण्याची. कारण कृमीला लग्नकार्य करून अंडी घालायची ती पक्ष्याच्या पोटातच.

आता नुसती वाट बघत बसायला कृमी काही साधाभोळा नाही. कार्पिंटेरियात किलिफिश नावाचा बोटभर मासा असतो. एका जातीचे कृमी त्याच्या मेंदूवर जाऊन बसतात, एकेका माशात शेकडो, कधी हजारो. मासा मरत नाही, पण त्याचं वागणं बदलतं. तो उगाच पृष्ठभागाशी येतो, थरथरतो, कुशीवर वळून पोटाची चकाकी दाखवतो. वरून बगळा बघतोच आहे! लॅफर्टी आणि त्यांचे सहकारी मॉरिस यांनी १९९६ मध्ये यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. कृमी नसलेल्या माशांपेक्षा कृमी असलेले मासे पक्ष्यांच्या तोंडी १० ते ३० पट जास्त पडले. बगळ्याला मासा विनासायास मिळतो, आणि पोटात आलेल्या बारक्या कृमींचा त्याला फारसा त्रास होत नाही. सौदा वाईट नाही.

तिकडे न्यूझीलंडच्या खाड्यांतही असाच एक प्रकार दिसतो. तो मी आमच्या बायकांना मुद्दाम सांगितला, कारण त्यांना शिंपल्यांची सवय चांगली ठाऊक. शिंपला आपल्या मांसल पायाने चिखल उकरून आत दडतो. तिथल्या एका जातीच्या शिंपल्याच्या नेमक्या त्या पायात कृमी कोष करून बसतात. पाय आखूडतो, शिंपल्याला आत जाता येत नाही, तो वर उघडा पडून राहतो. मग ऑयस्टरकॅचर नावाचा लांब तांबड्या चोचीचा पक्षी येतो आणि आयतं जेवतो. “म्हणजे टोपलीत आपसूक येणाऱ्या तिसरीचं काहीतरी दुखत असणार,” असं एक जण लगेच म्हणाली. आपल्या खाडीचं मला माहीत नाही, पण तिचं डोकं शास्त्रज्ञाच्याच वाटेने चाललं होतं.

तर असे हे कृमी. चोर, लबाड, परपोशे. आपल्याला वाटेल, हे नसते तर किती बरं! पण इथेच खरी गंमत आहे.

२००८ मध्ये क्युरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्पिंटेरिया आणि शेजारच्या मेक्सिकोतल्या दोन खाड्या, अशा तीन ठिकाणचा हिशेब मांडला. खाडीत राहणाऱ्या सगळ्या जीवांचं वजन करायचं, आणि त्यात परजीवींचं वजनही धरायचं. आजवर ते कुणी धरलंच नव्हतं. निघालं काय? शंखांतून वर्षभरात बाहेर पडणाऱ्या कृमींच्या पिल्लांचं एकूण वजन खाडीतल्या सगळ्या पक्ष्यांच्या वजनाहून जास्त भरलं! डोळ्यांना न दिसणारा हा पसारा डौलदार बगळ्यांना भारी पडला. आणि ही शेपटीवाली पिल्लं सगळीच काही घर गाठत नाहीत. कितीतरी वाटेतच बारीक माशांच्या, किड्यांच्या पोटात जातात. म्हणजे त्यांचंही कुणीतरी अन्न आहे. २००६ मध्ये याच खाडीतल्या ‘कोण कुणाला खातो’ या जाळ्याचा अभ्यास झाला, तेव्हा त्यातल्या चारपैकी तीन धाग्यांना कुठला ना कुठला परजीवी जोडलेला आढळला.

घरात जसं न दिसणारं काम असतं ना, तसंच हे. स्वयंपाकघरात पाट्यावर काय वाटलं गेलं ते पंगतीत कुणी मोजत नाही. पण ते काढून टाका, म्हणजे कळेल.

आणि मला सगळ्यात जास्त पटली ती पुढची गोष्ट. कार्पिंटेरियातला काही भाग खराब झाला होता. तो पुन्हा पहिल्यासारखा करायचं ठरलं. वाटा मोकळ्या केल्या, पाणी परत खेळवलं. पण खाडी खरोखर बरी झाली, हे ओळखायचं कसं? रोज उठून पक्षी मोजायचे, तर ते आज इथे, उद्या तिथे. लॅफर्टी आणि हस्पेनी यांनी सोपी युक्ती काढली. शंख फोडून बघायचे. शंखात कृमी आहे म्हणजे तिथे पक्षी येऊन गेला. खेकड्यात जाणाऱ्या जातीचा कृमी आहे म्हणजे तिथे खेकडा आहे. माशात जाणाऱ्या जातीचा आहे म्हणजे मासा आहे. जितक्या जातींचे कृमी, तितकी खाडीची घरं नांदती. २००४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. दुरुस्त केलेल्या भागातल्या शंखांत कृमींचं प्रमाण सहा वर्षांत जवळजवळ चौपट झालं होतं. म्हणजे पक्षी परतले होते, चिखल पुन्हा जागा झाला होता. आणि ही आनंदाची बातमी दिली कुणी? जंतांनी!

अर्थात सगळंच गोड आहे असं नाही. उत्तर युरोपात हॉलंड, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्याला लागून वाडन समुद्राचे प्रचंड चिखलपट्टे आहेत. डेन्मार्कच्या बाजूला चिखलात कोरोफियम नावाचा जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, कोळंबीसारखा जीव राहतो. बिळं करून राहणारा. त्याच्या बिळांनीच तिथला चिखल धरून ठेवलेला असतो, जशी मुळं माती धरतात. १९९० च्या वसंतात तिथे नेहमीपेक्षा जास्त ऊब होती. चिमुकल्या चिखलशंखांतून कृमींची पिल्लं एकदम सुटली असावीत, ती कोरोफियमच्या अंगात शिरली, आणि काही आठवड्यांत एका अख्ख्या पट्ट्यावरून तो जीव नाहीसा झाला, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. पुढे काय झालं? धरून ठेवणारं कुणी नाही म्हणताना चिखल वाहून जाऊ लागला. त्या पट्ट्याचा चढउतारच बदलून गेला. उन्हाळे वाढत चाललेत, हे आपण दरवर्षी म्हणतोच. त्याचा हिशेब असा चिखलातही लागतो. कृमी असणं हे खाडीच्या तब्येतीचं लक्षण, पण ऊन वाढलं की तोच तोल ढळायला वेळ लागत नाही.

आता आमच्या बाईच्या प्रश्नाकडे येते. गिऱ्हाइकाला काय सांगायचं? सांगायचं की, बाई गं, शिजवून खा. पक्ष्यासाठी जन्मलेले हे बहुतेक कृमी माणसाला काही करत नाहीत, आणि जे करू शकतात तेही नीट शिजवल्यावर मरतात. कच्चं खाणं मात्र महागात पडू शकतं. दक्षिण कोरियात १९८८ मध्ये पोटाच्या तीव्र दुखण्याने आजारी पडलेल्या एका स्त्रीच्या अंगात एक अगदी बारीक पर्णकृमी सापडला. पुढे तो विज्ञानाला नवीन निघाला. शोध घेतला तर तिच्या भागातले लोक कालवं कच्ची खात, आणि कृमी त्या कालवांत होता. एरवी तो ऑयस्टरकॅचर पक्ष्याच्या पोटात जाणारा! त्यावर औषध आहे, पण मुळात चुलीवर उकळी आली असती तर औषधाची गरजच नव्हती. आपल्या घरात तिसऱ्यांचं सुकं असो की कालवांचं कालवण, कच्चं कुणी खात नाही. आजीने घालून दिलेली ती पद्धत मोडू नका, एवढंच. शिंपलं उघडेपर्यंत शिजवायचं, आणि न उघडलेलं टाकून द्यायचं. गावाचं सांडपाणी, कारखान्याचं पाणी जिथे सुटतं तिथले शिंपले मात्र शिजवूनही नकोत. तो दोष कृमीचा नाही, आपला आहे.

पर्णकृमी आपल्या कोकणालाही अगदीच परके नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लोकांच्या लघवीतून रक्त जात होतं. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी तो रक्तात राहणाऱ्या पर्णकृमीचा आजार असल्याचं नोंदवलं. पुढे गोड्या पाण्यातल्या एका इवल्या शंखाकडे बोट दाखवलं गेलं. तो कृमी खाडीतला नव्हे आणि पक्ष्याचाही नव्हे, माणसाचा. पण वाट तीच, शंखातून पाण्यात आणि पाण्यातून अंगात. म्हणून सगळे जंत चांगले असं मी म्हणणार नाही. कुठला कुणाचा, हे ओळखायला हवं.

हे सगळं मी का सांगतेय, ते आता सांगते. आमच्या खाडीच्या कडेला गेली दोन वर्षं भराव पडतोय. रात्री डंपर येतात, सकाळी राडारोडा दिसतो. बायकांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘नुसता चिखल तर आहे, त्यात काय आहे?’ किनाऱ्याच्या नियमांच्या २०१९ च्या अधिसूचनेत मात्र कांदळवनांच्या, प्रवाळांच्या जोडीने ‘जैविकदृष्ट्या सक्रिय’ चिखलपट्टे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. सरकारी शब्द जड आहे, पण अर्थ साधा आहे, जिवंत चिखल. आणि मुंबईच्या दारातल्या ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात म्हणून २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये तिला रामसर यादीत जागा मिळाली. तो रोहित पक्षी तरी उभा कशावर असतो? चिखलावरच ना!

आपल्या गावच्या खाडीत रोहित येत नसतील. पण थंडीत तुतारी येते, चिखल्या येतो. चिखलावरूनच नाव पडलेला पक्षी आहे हो तो! ते काही हवा खायला येत नाहीत. त्यांच्या पायाखाली शंख आहे, शंखात बिऱ्हाड आहे, बिऱ्हाडातून सुटलेली पिल्लं खेकड्यात आहेत, खेकडा पक्ष्याच्या चोचीत आहे. त्याच चिखलात आपल्या बायकांची टोपलीही आहे. यातला एक धागा भरावाखाली गाडला की बाकीचे सगळे सैल पडतात.

प्राणिशास्त्राच्या बाई आता त्यांच्या विद्यार्थिनींना घेऊन आमच्या खाडीत उतरणार आहेत. शंख वेचायचे, भिंगाखाली बघायचे, कुठल्या जातीचे कृमी किती ते लिहून काढायचं. शंख कुठे जास्त मिळतात ते आमच्या गटातल्या बायका दाखवणार, कारण ते कुठल्याच पुस्तकात नाही. ती नोंदवही आम्ही ग्रामसभेत ठेवणार आहोत. तुमच्या गावाला खाडी असेल तर तुम्हीही हे करू शकता. मराठी शाळेतली पोरंही करू शकतील. त्यासाठी लागतं काय? एक भिंग, एक वही आणि चिखलात उतरायची तयारी. पहिल्या दोन गोष्टी बाजारात मिळतात. तिसरी आपल्या बायकांकडे पिढ्यान् पिढ्या आहे.